खरं फूल उमललं की

"आजी, खऱ्या फुलापेक्षा तुमच्या मिठाईचं फूलच जास्त देखणं असतं ना हो?"

असं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मिओरीने कानाझावातल्या त्या जुन्या मिठाईच्या दुकानात शिरताशिरताच विचारलं.

"आगाऊ आहेस," दुकानातल्या आजी हसल्या. "असं कुणी म्हणू नये म्हणूनच तर प्लमच्या फुलाची मिठाई कालपासून बंद केली. देवळापाशी खरा प्लम फुललाय. बाहेर जाऊन तो बघ."

मिओरीचा चेहरा उतरला. दादा दोन वर्षं खोलीबाहेर आला नव्हता. पांढऱ्या घेवड्याच्या पुरणाचं हे हाताने वळलेलं फूल दाराशी ठेवलं, की तेवढाच त्याचा वसंत. त्यासाठी तर ती आगगाडीने एवढ्या लांब आली होती.

"एकच करून द्या ना. घरी एक जण आहे, तो बाहेर पडत नाही."

"आजारी आहे का?"

"नाही."

"मग घेऊन ये की त्याला."

मिओरी रिकाम्या हातांनी परतीच्या आगगाडीत बसली.

संध्याकाळी आई नेहमीसारखी दादाचं ताट घेऊन जिना चढायला लागली. मिओरीने ते तिच्या हातातून घेतलं आणि खाली टेबलावर ठेवलं.

"आई, बाबा, आजपासून दादाचं ताट वर जाणार नाही. आणि तो खाली येईपर्यंत मीही जेवणार नाही."