पहिला घोट

"आधी तुम्ही प्या, साहेब. मग आम्ही पाहू," पलीकडच्या वाड्यातला अंबादास म्हणाला.

विनताच्या परसातल्या विहिरीभोवती चेरीतालची निम्मी आळी जमली होती. विनता ही चिंतामणीची धाकटी बहीण, आणि चिंतामणी म्युनिसिपालिटीचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. मोतीझिऱ्याच्या, म्हणजे टायफॉइडच्या साथीमुळे काल त्याने विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकली होती. आज रंग उतरून पाणी निवळलं होतं. पण लाल पाण्याने माणूस बाटतो, अशी हूल शहरात उठली होती. तेव्हापासून इन्स्पेक्टरने पहिला घोट घेतल्याशिवाय कुणी घागर भरेना. दवा सरकारची असली, तरी भरवसा माणसावरच बसतो.

चिंतामणीने पिशवीतून दोर आणि तांब्या काढला. तांब्या पितळेचा, लख्ख घासलेला. परक्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही, असं आईने बजावलं होतं, म्हणून तो आपलाच तांब्या घेऊन हिंडे. त्याने तो विहिरीत सोडला, बुडबुड वाजू दिला, वर ओढला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायला.

"बघा. चैत्रापासून असाच विहिरी-विहिरीचं पाणी पितोय. झालं काही मला?"

"तुम्हाले लहानपणीच येऊन गेला मोतीझिरा. तुम्हाले काय होते?" अंबादासचा आवाज कोरडा होता. "माझा दिवाकर गेला, साहेब. आमच्या विहिरीत तुम्ही अशीच दवा टाकली, असेच पिऊन दाखवले, अन् महिना नाही झाला तर पोराले ताप. काहून?"

चिंतामणीला ते जिव्हारी लागलं. ज्या आळीला तो 'आता बिनघोर प्या' म्हणून सांगून येई, तिथेच काही दिवसांनी अंथरुणं पडत. लोक दवेला शिव्या देत होते. तो मात्र रोज कुणाच्या तरी संडासाचा खड्डा उपसून पाहत होता, कुठून पाझरतंय ते शोधत होता.

"नथ्थू झाडूवाल्याच्या मोहल्ल्यात पाहा," अंबादास पुढे म्हणाला. "विहीर अगदी नाल्याच्या काठावर. दवा तीच. अन् तिथे एकाले ताप नाही."

नथ्थूच्या मोहल्ल्यात चिंतामणीने दवा टाकली, सूचना दिल्या आणि सायकलवर टांग टाकली होती. तिथलं पाणी प्या, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर जातीच्या पायी त्यानेही तिथे पिशवी उघडली नव्हती.

"खाली खडक असेल तिथे," तो पुटपुटला.

विनता पुढे आली. त्यानेच ही विहीर बंद करायला लावल्यापासून ती भर उन्हात लांबच्या नळावरून पाणी वाहत होती. पायाला फोड आले होते, पण भावाचा शब्द तिने मोडला नव्हता.

"दादा, खरं सांग. इंदूला देऊ ना हे पाणी?"

चार वर्षांची इंदू आईच्या पदराआडून मामाकडे पाहत होती. चिंतामणीने तिला कडेवर घेतलं आणि तांब्यातलं उरलेलं पाणी स्वतःच्या हाताने तिला पाजलं. पोर हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत प्यायली. विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू घागरी पुढे सरकल्या. शेवटी अंबादासनेही आपली बादली सोडली.

सायकलवरून घरी जाताना चिंतामणीला हलकं वाटत होतं. निदान बहिणीचं घर तरी वाचलं.

घरी त्याची मोतीझिऱ्याशी झुंज देऊन झाली होती. बायको, सरोजिनी, माघात त्यातूनच उठली. त्याने तिची भांडी उकळली, कपडे जाळले, आईला तिच्या खोलीत फिरकू दिलं नाही. दुसऱ्या कुणाला ताप आला नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या मैल्यातूनही हा ताप महिनोन्महिने पसरतो, म्हणून संडास तर असा बांधला होता की नागपूरहून आलेले साहेब बघून गेले! मैला बंद टाकीत, टाकीचं पाणी जमिनीखालच्या नळीने थेट परसातल्या केळीच्या आळ्यात. वास नाही, माशी नाही. ज्येष्ठाच्या उन्हातही केळी हिरव्यागार. आईला तेवढं त्याने न्हाणीचं पाणी म्हणून सांगितलं होतं. खरं कळतं तर तिने केळीचं एक पान घरात येऊ दिलं नसतं. म्हातारीशी कोण वाद घालणार!

आई मागच्या पायरीवर बसली होती. त्याने तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"आला का गावाला पाणी पाजून?"

"तुझ्या नातीला पाजून आलो. इंदू पहिलं पाणी याच तांब्यातून प्यायली."

"अच्छा! बरं झालं रे बाबा. नर्मदामाईची कृपा." आईने हात जोडले आणि लगेच तांब्या घासायला घेतला.

पायरीवर कालच्या चुलीची राख ढिगाने पडली होती. घरची भांडी त्याच राखेने निघत. चिंतामणी तोंड धुता धुता सहज म्हणाला, "राख आहे की एवढी. चिखलाने काय घासून राहिली?"

"साऱ्या गावच्या विहिरीत बुचकळलेला तांब्या! हा काय राखेने शुद्ध होते?" आई हसली. "याला मातीच पाहिजे. तू निघायच्या आधी मी रोज पुन्हा घासून ठेवते, तुला काय माहीत."

"आणि उन्हाळ्यात ओली माती कुठून आणतेस?"

"कुठून म्हणजे?" आईने मूठभर काळी माती तांब्यात घालून आतून बोटं फिरवली. "केळीच्या बुंध्याची. तुझ्या न्हाणीच्या पाण्याने कशी लोण्यासारखी राहते."