दुसरा रेफरन्स

संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटली. गेटवरच्या खणातून आनंदरावांनी आपला मोबाइल काढला, तेव्हा त्यावर चौदा मिस्ड कॉल होते. सगळे शेजारच्या यमुताईंचे. पहिला सकाळी दहाचा, शेवटचा दुपारी दीडचा. दीडनंतर एकही नाही. त्यावरूनच ते समजले.

मौद्याकडच्या त्या कामावर मोबाइल आत नेता येत नव्हता. दिवसभर ते बॉयलरच्या पोटात बसून नळ्या वेल्ड करत होते आणि इकडे धंतोलीच्या दवाखान्यात बायकोनं प्राण सोडला होता.

"काउंटरवरच्या पोरीनं नवऱ्याचं नाव विचारलं," यमुताई नंतर सांगायच्या. "जीव कासावीस होऊन राहिला होता, पन नाव नाही घेतलं बाईनं. पिशवीतलं आधार कार्ड पाहा म्हने. मी म्हटलं, अशी कशी वं तू?"

त्याला सात महिने झाले. तेव्हापासून आनंदराव कामावर गेले नव्हते. मुलगी मिनल रायपूरला, तिच्या संसारात. रविवारी फोन करायची. बाकीचे दिवस घर गप्प असायचं. मागच्या मंगळवारी ते दिवसभरात एकच वाक्य बोलले होते, तेही सिलिंडरवाल्याशी. "शेगडीजवळ ठेव."

म्हणून हिंगण्याच्या, कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतून वैभवी नावाच्या मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं. चाळीस दिवसांचं काम होतं, पुन्हा मौद्याकडेच. जागेवरच राहायचं, एका खोलीत आठ जण. मजुरी किती हे त्यांनी विचारलंही नाही. त्यांना ती आठ माणसं हवी होती.

"फक्त दोन रेफरन्स लागतील, काका," वैभवी म्हणाली. "तुमचं काम जवळून पाहिलेली दोन माणसं. नाव आणि नंबर. आम्ही फोन करून विचारतो. दोन्ही भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नाही."

"वेल्डिंग करून दाखवलं तं नाही चालत?"

"ते गेटवर बघतील. आधी रेफरन्स."

पहिलं नाव सोपं होतं. मनोहरराव, जुने फोरमन. आता रिटायर होऊन घरीच असायचे. आनंदरावांनी त्यांना फोन लावला.

"दे माह्यं नाव, बिनधास्त दे," मनोहरराव म्हणाले. "पन एक सांगतो गा. अठरा वर्षांत निदान पंचवीस जनांनी माह्यं नाव देल्लं. आजपर्यंत एकाचा बी फोन नाही आला."

"मंग मागते काहून?"

"चौकट भराची राह्यते त्यायले. कंपनीच्या मानसासाठी त्याचा साहेब बोलतो, आपल्याले तं ठेकेदार बदलला की कोनी वळखत बी नाही. आला फोन, तर असं सांगीन का ती पोरगी तुले मॅनेजरच करून टाकन."

दुसऱ्या नावाला मात्र आनंदराव अडले. एक ठेकेदार वारला होता. दुसऱ्याचा नंबर लागत नव्हता. शेवटच्या कामावरचा इंजिनियर ओडिशाकडे गेला होता आणि त्याला त्यांचं नाव कधी माहीतच नव्हतं. तो त्यांना 'बावीस नंबर' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी वैभवीनं आठवण केली. "काका, आज फॉर्म बंद होतोय. एकच नाव आलंय."

आनंदरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. सिंधूताई." नंबर त्यांना पाठ होता.

"मॅडम कुठल्या कंपनीत?"

"कंपनी नाही. पन त्यायच्याच हाताखाली होतो म्हना. मी कवा निघालो, कवा आलो, सारं त्यायले ठाऊक."

"सुपरवायझर लिहिते. किती वर्षं?"

"एकतीस."

"अरे वा. आता कुठं असतात?"

"सुटल्या."

"म्हणजे रिझाइन?"

"तसंच."

दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. बॅग भरली, काढली, पुन्हा भरली. त्या नंबरवर फोन येणार आणि काम जाणार, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "काका, अभिनंदन. दोन्ही रेफरन्स झाले. मॅडमशी तर छान बोलणं झालं."

"बोलली?"

"हो ना. फार चांगलं बोलल्या तुमच्याबद्दल."

"काय म्हनाली?"

"म्हणाल्या, आनंदराव वेळेचे एकदम पक्के. कधी खाडा नाही."

"आनंदराव म्हनाली? नाव घेऊन?"

"हो काका. का?"

खोटं आहे म्हणावं, असं त्यांच्या ओठांवर आलं. मग ती आठ जणांची खोली आठवली.

"काही नाही," ते म्हणाले. "अजून काय म्हनाली, सांग."

"म्हणाल्या, असा माणूस मिळत नाही. सोमवारी सकाळी सहाला गेटवर या."

आनंदरावांनी मनोहररावांना फोन लावला. "आला होता का तुमाले फोन?"

"कुठचा गा? तीन दिवसांपासून न्हानीत बी फोन घेऊन जाऊन राहिलो मी."

फोन ठेवून ते आतल्या खोलीत गेले. कपाटावर चार्जरला बायकोचा मोबाइल लावलेला होता. खोटं ठाऊक असूनही त्यांनी तो उचलून पाहिला. एकही कॉल आलेला नव्हता. एकतीस वर्षांच्या संसारात सिंधूनं त्यांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. सोमवारी कामावर जायचं आहे, आणि तिचा नंबर बंद करायचा अजून राहिलाच आहे.