दोघींत एक माउस

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आयटीच्या लॅबमध्ये दोघींत एक कॉम्प्युटर होता. बिबवेवाडीची स्वराली आल्या आल्या माउस ताब्यात घ्यायची. वाशीमहून आलेल्या कल्याणीने हात पुढे केला, की म्हणायची, "राहू दे गं, तुला वेळ लागतो. तू जर्नल लिही, अक्षर छान आहे तुझं." कल्याणी निमूटपणे दोघींची जर्नलं लिहायची. परीक्षेला मात्र प्रत्येकीला वेगळा कॉम्प्युटर मिळाला. स्वरालीचं काम चुटकीसरशी झालं. शेजारी कल्याणीचा बाण स्क्रीनवर भलतीकडेच पळत होता. बाहेरून आलेले परीक्षक तिच्यामागे थांबले. "माउस आहे तो, चावत नाही. वर्षभरात हात तरी लावलात का?" स्वरालीने आपला माउस घट्ट धरला. कल्याणीने मान खाली घातली. "हिनं लय शिकवलं, सर. माह्याच डोक्यात शिरलं नाही." "शाबास!" परीक्षक स्वरालीला म्हणाले. माउसवरचा हात कुठे लपवावा, तिला कळेना.