राधाबाईचे फोटो

पुंडलिकराव दल्लीच्या खाणीत भूवैज्ञानिक होते. नवी नवरी राधाबाई हिला ते सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर बसवून डोंगरात न्यायचे, खडकाला टेकून उभी करायचे आणि फोटो काढायचे. तिच्या बहिणींना याचा भारी हेवा वाटायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळे फोटो एका ऑनलाइन संग्रहाला दिले. आता आपल्याला जग बघणार, म्हणून राधाबाईनं कोहका वस्तीतल्या शेजारणींना आधीच सांगून ठेवलं. आज नात रीना मोबाइल घेऊन तिच्याजवळ बसली.

"आजी, ये देख, दल्लीचा डोंगर! गुलाबी साडीत काय मस्त दिसून राहिली तू!"

"खाली आजोबानं काय लिवलं? वाच ना."

रीना वाचता वाचता अडखळली. "लोहखनिजाचा थर. मापासाठी शेजारी स्त्री, उंची पाच फूट."

तिनं भराभर पुढचे फोटो सरकवले. सगळ्यांखाली तेच होतं.

राधाबाई नवऱ्याकडे वळली. "अवो, निदान माहं नाव तरी टाकाचं होतं."



पुंडलिकरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "नावानं थराची उंची समजते काय?"