काकवीची बीअर

विल्फ अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात आला आणि घरी केलेली बीअर बाटल्यांत भरायला बसला. डॉक्टरांनी हात टेकलेत, हे यॉर्कशरच्या त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. बाटलीत फेस धरावा म्हणून त्याच्या बायकोने, मॉरीनने साखर विरघळवून पुढे केली, तर त्याने काकवीचा डबा मागितला.

“अरे, साखरेने पंधरवड्यात फेसाळते. काकवीला महिनोन्‌महिने लागतात, तूच सांगतोस ना?”

“म्हणून तर.”

“वेड लागलंय का तुला? मग तुला चाखायला तरी मिळेल का?”

विल्फने काकवी ओतली.



“माझ्यासाठी नाहीच गं ही. मी गेल्यावर तुला वाट बघायला काहीतरी हवं ना.”