तव्यावरचे बोंबील

रिकाम्या फ्लॅटच्या ओट्यावर हेमांगी तांडेलने पिशवीतली छोटी शेगडी मांडली, तवा ठेवला आणि सुके बोंबील भाजायला घेतले. घर दाखवायला आलेल्या एजंटच्या तोंडचं पाणीच पळालं.

“मॅडम, भलतंच काय! आधी व्यवहार होऊ द्या, मग हवं ते शिजवा. मेट्रो स्टेशन बघा की, हाकेच्या अंतरावर आहे!”

“मेट्रोनंच आले मी. आता शेजारी बघायचेत.”

आजवर भाड्याच्या घरांत तिने खिडक्या लावून, उदबत्त्या जाळून, चोरासारखे बोंबील खाल्ले होते. तरी घरमालकांना वास लागायचाच आणि बिऱ्हाड हलवावं लागायचं. स्वतःच्या घरात ती उदबत्ती फक्त देवापुढे लावणार होती.

तिने दार सताड उघडलं. वास जिनाभर पसरला. एजंटने कोनाड्यात पडलेली जुनी उदबत्ती शोधून घाईघाईने पेटवली, तोवर ‘कुरियन’ अशी पाटी असलेलं समोरचं दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या बाई कपाळाला आठ्या घालून थेट स्वयंपाकघरात आल्या. हेमांगीने ओढणी कमरेला बांधली. भांडायची तयारी ती घरूनच करून आली होती.

“सॉरी आंटी, ह्या फक्त...” एजंट पुटपुटला. त्याला बाजूला सारून बाई तव्यात डोकावल्या.

“अगं, करपतायत!” त्यांनी स्वतःच आच कमी केली. “वासाने घोषालबाई आणि शेखभाभी येतीलच आता.” मग त्या एजंटकडे वळल्या. “आणि तू आधी ती उदबत्ती विझव. बोंबलांचा वास जातोय.”