बाटलीतले काजवे

तेजश्रीनं बारामतीच्या कालिजात तीन वरसं एकच रसायन कढवलं. गुळावाणीच, जास्त शिजलं की कण वाढायचे आन् जांभळ्या बॅटरीखाली दिसनारा त्याचा हिरवा उजेड तांबडा व्हायचा. औंदा एक बाटली हिरवीच उतरली आन् कढवायचा कच्चा माल संपला. सोमवारी पुण्याच्या मशिनीवर ती तपासली तरच पीएचडी हुनार हुती. बाटली पिंपळीला घरी आली तशी तिच्या आजीला, रंगुबाईला, ऊत आला. जांभळ्या बॅटरीत चमकवून शेजारच्या कुशाबाईला म्हनाली, "भीमेकाठचे काजवे हायती. नातीनं जित्ते कोंडल्यात." कुशाबाईचा जीव कळवळला. घरात कुनी नसताना तिनं बूच काढून बाटली दिवसभर उन्हात ठिवली. सांजच्याला आत उजेड न्हाय, तळाला नुसती खरवड. "दुसरी कढव की," रंगुबाई म्हनाली. "कशाची, आज्जे?" कुशाबाईनं दारातनं हसत इचारलं, "उडाले का गं समदे?" "व्हय काकी," तेजश्री म्हनाली, "एकबी ऱ्हायला न्हाय."